पहिलं पानी कोनाले

मार्थाबाईचं सांगायचं म्हंजे आधी मले महा उजवा हात दाखवा लागते. या बोटाईवर पांढरे डाग दिसतात न? मी ऑटोचं हँडल धरलं का बाजूचं गिऱ्हाईक त्या डागाकडंच पाहत बसते, हळूच सरकते. त्याले वाटते, काही लागन. काही लागत नाई राजेहो. उकयत्या चुन्याच्या बकेटीत हात घालून ढवळनारा एकच हुशार मानूस अमरावतीत जन्माले आला, थो मी. आन त्या बकेटीपाशी मले उभं करनारी मार्थाबाई. आता बाई नाई. डाग आहेत.

बाई दवाखान्यात नर्स होती. नवरा लवकर वारला, एक पोरगा, प्रकाश. रिटायर झाल्यावर तिनं आमच्या चर्चचा तरुण संघ हाती घेतला. संघ म्हंजे काय, चर्चच्या मांगची पत्र्याची खोली, शनिवारची संध्याकाळ, पंधरा-वीस पोट्टेपोट्टी, चहा आन एकेक समोसा. बाई कायम सुती लुगड्यात, हातात नवऱ्याचं मर्दानी घड्याय, आन बाराही महिने छत्री. पावसाची नाई, उन्हाची. बसताना "आ गं माय" म्हने, उठताना "आ गं माय" म्हने, मधात जे बोले थे कामाचं.

तिची प्रार्थना तर मले पाठ झाली होती, म्हंजे पाहा केवढी असन. दुसरे लोक प्रार्थनेले उभे रायले का चहावर साय धरे. बाई डोये मिटे आन म्हने, "प्रभू, हे पोट्टे तुहे होत. मी थकली. तू पाह्य. आमेन." झालं.

मी चौथी नापास. शास्त्र, म्हंजे बायबल, वाचाले देल्लं का मले खोकला येई. महा विश्वास त्या वक्ती समोश्यापुरताच होता, आन समोश्याच्या पलीकडं शोभा बसे, तिच्यापुरता. बाईनं दोन शनिवार पाह्यलं, तिसऱ्या शनिवारी म्हने, "याकू, तू प्रार्थनेत डोये उघडे ठेवून तिकडं काय पाहतं बे?"

मी म्हनलं, "बाई, तिचे मिटले का नाई थे पाहून राहिलो."

सारे हसले. बाई नाई हसली. म्हने, "पाहाचंच असन तर चांगलं पाह्य. ईस्टरच्या आधी कबरस्तानात ये. तिलेबी येऊ दे. तिच्या मायबापाले मी विचारते."

आता हे कबरस्तानाचं सांगतो. ईस्टरच्या पहाटे आमी सारे मेनबत्त्या घेऊन कबरीवर जातो. त्याच्या आधी घरोघरचे लोक आपापल्या मानसाईच्या कबरी झाडतात, चुना मारतात. पन काही कबरी अशा आहेत का त्याईचं कोनीच उरलं नाई. बाईचा नियम होता, ज्या पोरापोरीले एकमेकासंगं लगन करायचं त्याईनं अशी एक बेवारस कबर दोघानं मिवून साफ करायची. चुना मारायचा. मंगच बाई पाद्रीसाहेबाकडं जाऊन शब्द टाके. मोठे मानसं पोट्ट्याईले सांगत, "इकडं पोरं, तिकडं पोरी, नजर खाली." बाई म्हने, "नजर खाली घालूनच तर सारे खड्ड्यात पडतात. ज्याच्याकडून शाबासकी भेटनार नाई त्याचं काम करा. मेलेला मानूस थँक्यू म्हनत नाई. येशूनंबी तेच केलं, जे परत काही देऊ शकत नाईत त्याईच्याच घरी गेला. करा, मंग पाहू तुमचं प्रेम केवढं आहे थे."

आन सोता निंबाच्या झाडाखाली छत्री उघडून बसे. आमाले वाटे, बाई चुना पाहून राहिली. बाईचं चुन्याकडं लक्षच नोतं.

आमची पाळी आली तवा मी शोभापुढं मर्दानगी दाखोली. चुन्यानं बकेटीत बुडबुडे सोडले होते, शोभा म्हने, "काडी घ्या." मी म्हनलं, "काडी बायका घेतात," आन घातला हात. मंग जे नाचलो मी! कबरीवरून कबरीवर. मेलेल्या लोकाईले त्याच्या आधी अन् त्याच्या मंग असा तमाशा पाहाले भेटला नसन. शोभानं प्यायची कॅन सारी मह्या हातावर रिकामी केली. तापत्या उन्हात दोघाईले प्यायले थेंब उरला नाई. मंग मीच लांबच्या पान्याच्या नयावर गेलो, बाटली भरली, येता येता अर्धी पेलो आन अर्धी तिले देल्ली.

बाईनं जवळ बलावलं. "याकू, पहिलं पानी कोन पेलं?"

"मी, बाई."

"काहून?"

"गरम आहे का थंड, थे पाह्यलं."

बाई इतकी हसली का छत्री उलटी झाली. मंग शोभाले म्हने, "पोरी, हा सुधरनारा नाई. पन याले खोटं बोलता येत नाई, तोंडावर लगेच दिसते. बाकी पाह्य बाप्पा तुहं तू." तवा कळलं का बाई तिथी बसून काय पाहे. ऊन डोक्यावर आलं, घसा सुकला, का हातातलं पहिलं पानी कोन कोनाले देते. म्हने, "गोड बोलनं बजारातबी भेटते. तहान लागल्यावर मानूस कसा आहे थे पाहा." शोभानं पाह्यलं, तरी हो म्हनलं. अजूनबी कधी कधी मह्याकडं तशीच पाहते, जशी बाटली अर्धी आहे.

बाई रागावे कशी थे एकदा पाह्यलं. संघातल्या नितीननं एका पोट्टीचा फोटो आपल्या दोस्ताईले मोबाईलवर पाठोला. फोटो तसा काही नोता, घरच्या कपड्यात केस विंचरत होती. पन तिनं त्याच्यावर भरवसा ठेवून पाठोला होता. पोट्टीनं संघात येनं बंद केलं. बाईनं नितीनले काही म्हनलं नाई. मले म्हने, "ऑटो काढ." त्याले मधात बसोलं आन ज्या ज्या दोस्ताले फोटो गेला त्या त्या घरी नेलं. एक तर वलगावले राहे, तिथीबी गेलो. दारात बाई छत्री टेकून चूप उभी राहे आन नितीनले सोताच बोला लागे, "मी पाठोला. चूक माही होय. मह्यासमोर पुसून टाक." पहिल्या घरी थो हसत हसत बोलला. शेवटच्या घरी त्याचा आवाज निघे ना. मंग बाई म्हने, "आता तिच्या घरी."

"बाई, तिच्या बापानं मारलं तर?"

"तर मी नर्स होय. पट्टी बांधून देईन."

बापानं मारलं नाई. पोट्टी दाराआडून बोलली, "आई, त्याले पानी दे. घसा बसला त्याचा." नितीन तिथीच पायरीवर बसून रडला. येताना बाई ऑटोत म्हने, "मले लय थकवा येते गा याकू, या कामाचा. पोट्टे देव माफ करते म्हनून पाठ करतात. ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात जा लागते हे कोनी पाठ करत नाई."

आता प्रकाशचं.

प्रकाश अकोल्याले खताच्या कंपनीत होता, शनिवारी-रविवारी घरी ये. दिसाले देखना, गाताना आवाज असा का म्हाताऱ्या बायाबी मान डोलवत. आमच्याच चर्चमधली सुवार्ता नावाची पोरगी, बालवाडीत शिकवे, तिच्यासंगं त्याचं जुयलं. बाई इतकी खूश का दोन शनिवार समोसे डबल. तरी नियम म्हंजे नियम. "महा पोरगा झाला म्हनून काय, कबर करा लागन."

त्या दिवशी मी बाईले कबरस्तानात घेऊन गेलो होतो, म्हनून मह्या डोयानं पाह्यलेलं सांगतो. ऊन असं का छत्रीखालीबी डोकं तापे. सुवार्ता जुना चुना खरवडत होती, तोंड लालबुंद. प्रकाश नयावर गेला, बाटली भरली, आन सरळ आला बाईकडं. वाकून म्हने, "आई, आधी तू पे."

बाई पेली. त्याच्या डोक्यावरून हात फिरोला. थो गेल्यावर मह्याकडं पाहून म्हने, "पाह्यलं का याकू?"

मी म्हनलं, "पाह्यलं बाई. याले म्हनतात संस्कार. आमी मेले नयावरच पेनारे."

निंबाखाली दोन मूर्ख बसलो होतो. तिकडं सुवार्ता पदरानं तोंड पुसून खरवडतच होती.

आमच्यात लग्नाच्या आधी तीन रविवार उपासनेत दोघाईचे नावं पुकारतात. पाद्रीसाहेब विचारतात, कोनाची काही हरकत असन तर बोला. कोनी बोलत नाई. थे इचारनं म्हंजे जेवताना "अजून वाढू का" म्हनतात तसंच होय. ईस्टर झाला, पहिला रविवार गेला, दुसरा गेला.

तिसऱ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, बस स्टँडवर एक पोट्टी मह्या ऑटोत बसली. हातात लहान बॅग. म्हने, अकोल्याहून आली, मार्थाबाईच्या घरी जायचं. आता चूप ऑटो चालवाले काय झालं होतं मले? पन देवानं मले तोंड देल्लं अन् ब्रेक द्याले विसरला. मी म्हनलं, "लग्नाले आल्या काय ताई? लय लवकर आल्या! प्रकाशभाऊचा मांडव अजून पडला नाई, जेवन तर बमच लांब आहे."

आरशात पाह्यलं, तर चेहरा असा जसा मह्या हातावर चुना पडला तवा महा झाला असन. तिनं विचारलं, "कोनासंगं?"

मी सांगतलं. आता नाई सांगून काय करता?

बाई ओट्यावर सुपात तूरदाळ निवडत होती, लग्नाच्या वरनाची. पोट्टी समोर बसली. नाव सांगतलं, अनिता. मी निघतो म्हनलं तर बाई म्हने, "थांब, मंग तिले सोडा लागन." म्हनून ओट्याखाली उभा रायलो.

अनिता रडली नाई. म्हने, "आई, तुमी मले ओयखत नाई. मी तुमाले ओयखते. प्रकाश नेहमी सांगे, मह्या आईचा असा नियम आहे, कबरीले चुना मारल्याबिगर लगन नाई. मांगच्या वर्षी थो आमच्यासंगं अकोल्याच्या कबरस्तानात आला. मह्या बाबाच्या कबरीले आमी दोघानं चुना मारला. म्हने, आता मह्या आईच्या हिशोबानं तू घरचीच झाली. आता महिनाभरापासून फोन उचलत नाई."

बाईचा हात सुपात होता, तसाच रायला. मी समजलो, आता बाई विचारन, पुरावा काय, कोन होय तू. बाईनं एवढंच विचारलं, "पहिलं पानी कोनाले देल्लं त्यानं?"

अनितानं आठोलं. "मह्या आईले. थे झाडाखाली बसली होती. आधी तुमी घ्या म्हने. आई भल्ली खूश झाली."

बाईनं सूप खाली ठेवलं. मंग मले म्हने, "याकू, आपला पोरगा पास झाला न गा. त्याले पेपर माहीत होता."

अनिताले मी मह्याच घरी नेलं, शोभापाशी. संध्याकायी प्रकाश आला. बाईनं मले बलावून घेतलं होतं, काहून थे तिनं सांगतलं नाई. मले वाटते, एकटीनं ऐकायची हिंमत नोती. मी दारात पायावर पाय देऊन उभा, जसा खुर्ची न्याले आलेला मांडववाला.

बाईनं अनिताचं नाव घेतलं तसा प्रकाश म्हने, "आई, अकोल्याचं संपलं थे."

"तिले सांगतलं का, संपलं म्हनून?"

"सांगीन."

"सुवार्ताले?"

"तिले काहून सांगू? तिच्या घरी पाहुने यायले लागले."

बाई म्हने, "प्रकाश, उद्या पाद्रीसाहेब विचारतीन. तू उभा राह्य, बोल. तू उभा रायला तर मी तुह्या बाजूले उभी राहीन, सारं चर्च थुकलं तरी. तू बसून रायला तर मले उठा लागन."

"तू आई होय का पोलीस?"

"आई होय. पोलीस असती तर रात्रभराचा टाइम देल्ला नसता."

"जन्मभर दुसऱ्याच्या पोट्ट्याईले शिकोलं, घरात तरी चूप बस न आई!"

बाईनं त्याच्यासाठी ताट वाढलं. थो जेवला नाई.

रविवारी चर्च भरलं होतं. पाद्रीसाहेबानं तिसऱ्यांदा दोघाईचे नावं पुकारले, हरकतीचं विचारलं, आन नेहमीसारखं लगेच पुढचं पान उलटाले लागले. बाईनं प्रकाशकडं पाह्यलं. थो गानाऱ्याईच्या बाकावर बसला होता, बुटाकडं पाहून राहिला होता. मी तर देवाले म्हनलं, बाप्पा, या बुटाले तरी उभं कर.

बाईनं छत्री टेकली. "आ गं माय" म्हनून उठली. "साहेब, हरकत आहे."

पाद्रीसाहेब म्हने, "बाई, घरी बोलून घेऊ न."

"घरी बोलली मी. या मुलानं दुसऱ्या एका मुलीले शब्द देल्ला आहे. थे मोकयं केल्याबिगर याले इथी उभं करू नका. पोरगा महा होय, म्हनून मीच बोलते."

अनिताचं नाव नाई घेतलं. शोभाच्या बाजूले बसली होती अनिता, सारे एकमेकाकडं पाहून रायले, तिच्याकडं कोनीच पाह्यलं नाई.

मंग काय झालं थे तुमी समजा. सुवार्ताचा बाप ओरडला. सुवार्ता बाईच्या बाजूनं निंघून गेली, नजरबी उचलली नाई. तिचं बरोबरच होतं. बाईले मरेपर्यंत तेच लागून रायलं, "पोराले टाइम द्याच्या नादात मी पोरीले आधी कानात सांगतलं नाई रे याकू. भर चर्चात ऐकून घेतलं बिचारीनं." प्रकाश त्याच दिवशी बॅग घेऊन गेला. पुन्याले आहे म्हनतात. त्यानं ना हिच्यासंगं केलं ना तिच्यासंगं.

शनिवारी बाई खोलीत जाऊन बसे. पोट्टे येनं कमी झालं. लोक म्हनत, जे सोताच्या लेकराचं झाकत नाई थे आपल्या लेकराचं काय झाकन? काही पोट्टे पुन्या-मुंबईले गेले, काही मोबाईलमधी. शेवटी शेवटी तरुण संघात मी आन शोभा, दोघंबी पिकलेले. समोसे तीन. बाई डोये मिटे, "प्रभू, पोट्टे तुहे होत," म्हने, आन खोलीत पाहून थांबे. मंग "मी थकली" एवढंच.

कबरीचा नियम तिनं सोडून देल्ला. मी एकदा म्हनलं, "बाई, कोनी पोट्टापोट्टी आली तर?" म्हने, "कबर पांढरी होते गा चुन्यानं. आत जे आहे थे तेच रायते. मले वाटे मी मानूस पाहून राहिली. पन त्या दिवशी मले फक्त बाटलीच दिसली. पहिलं पानी मले भेटलं, मी तेवढ्यानंच फसली. बाजूले पोरगी तहानली होती, थे मले दिसली नाई. नर्स होती न मी?"

अनिता मात्र दर रविवारी फोन करे. बाईच्या डोयाले दिसेनासं झालं तवा येऊन तिले अकोल्याले घेऊन गेली. अनिताची माय, अनिता आन बाई. मी विचारलं, "लोक विचारतात तर तू काय सांगतं, हे कोन होय म्हनून?" अनिता म्हने, "बाई म्हनून सांगते. अजून काय सांगू?"

मांगं, ईस्टरच्या आधी, ऑटोच्या कामानं बसनं मी अकोल्याले गेलो होतो. म्हनलं, बाईले भेटून जावं. घरी कुलूप. शेजारची म्हने, सारे कबरस्तानात. गेलो. बाई झाडाखाली खुर्चीवर, छत्री उघडी, काया चष्मा. मह्या चपलेचा आवाज आला तशी म्हने, "याकू, पाय ओढत चालनं अजून सोडलं नाई का बे?"

तिकडं उन्हात अनिता आन एक पोट्टा. तिच्याच बाबाची कबर. संजय नाव त्याचं, दवाखान्यात कामाले. मी म्हनलं, "बाई, तुमी तर नियम सोडला होता."

"मी सोडला. तिनं नाई सोडला. म्हने, त्याच कबरीले चुना मारतो, आन तुमीच बसा समोर." बाई हळूच म्हने, "मले भेव लागून रायलं गा. पुन्हा चुकली तर या पोरीचं काय? मले दिसत नाई, तू सांग. सारं सांग, मजाक करू नको."

मंग मी सांगत गेलो. संजय चुना काडीनं ढवळते, मह्यासारखा नाई. अनिता कुंचा मारून राहिली. आता त्याईनं दोघानं घाम पुसला. आता थो नयाकडं गेला. बाटली भरली. पेला नाई, बाई. येऊन राहिला.

"कोनाकडं?"

मी पाह्यलं. संजय अनिताच्या बाजूनं निंघून सरळ आमच्याकडं येत होता, हसत, बाटली दोन्ही हातात धरून, जसं मोठ्याले द्यायचं असते तसं. चांगला पोरगा. मोठ्याले आधी द्या, हेच तर साऱ्याईले शिकोलं असते.

"आपल्याकडं, बाई."

"आई, आधी तुमी घ्या," संजय म्हने.

बाईनं छत्री मह्याकडं देल्ली. उठली, "आ गं माय" म्हनाले इसरली. हात समोर केला, बाटली चाचपली, आन घेतली नाई. मांगं ढकलली.

"मले नको रे लेकरा. मी सावलीत बसली आहे. थे उन्हात आहे, तिच्याकडं जाय."

संजय जराक गडबडला. मंग फिरला. धावतच गेला, बाटलीतलं पानी सांडलं वाटेत.

"देल्लं का?" बाईनं विचारलं.

"देल्लं."

"पेली का थे?"

"पेऊन राहिली."

बाई उभीच रायली, हात तसाच समोर. मले कळे ना छत्री कोनावर धरू. तिच्यावर धरली, आन मी बाहेर उन्हात.